खाऱ्या वाळूतला टाक

माझं नाव बेबी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. छप्पन्न वर्षांची बाई आहे, दोन्ही गुडघे कामातनं गेलेत, दोन महिन्यांत आजी होणार, तरी आधारकार्डावर बेबी ते बेबीच. पण मी सांगणार आहे ते आमच्या ह्यांच्याबद्दल. मार्तंडरावांबद्दल. चौसष्ट वर्षांचा माणूस, साधा, गरीब, आणि एवढा मुका की कधी कधी भिंतीशी लग्न झालंय असं वाटावं.

हे बेळगावात पाणीपुरवठ्यात फिटर होते. रस्त्याच्या खाली पाण्याचे व्हॉल्व असतात, त्यांच्यावर लोखंडी झाकण असतं. दर पावसाळ्यानंतर रस्ता नवा होतो आणि झाकणं डांबराखाली गडप होतात. मग पाणी सोडायचं कुठनं? तेव्हा ह्यांना बोलवायचं. धातू हुडकायचं मशीन घेऊन हे यायचे. लांब दांडा, खाली जेवणाच्या ताटाएवढी तबकडी, वर दोन-तीन बटणं आणि कानाला हेडफोन. तबकडी रस्त्यावरनं अल्लद फिरवत चालायचे आणि एका जागी टाच आपटून म्हणायचे, "हितं." हितं म्हणजे हितंच. चार बोटं इकडं न्हाय, चार बोटं तिकडं न्हाय.

रिटायर झाल्यावर ह्यांनी स्वतःचं एक मशीन घेतलं. उचगावला आमची शेती आहे, तिथल्या बायकांची भाताच्या लावणीत कानातली पडायची, कुणाच्या ट्रॅक्टरची पिन जायची. हे जायचे, हुडकून द्यायचे, चहा प्यायचे आणि न बोलता परत यायचे. माझी स्वतःची नाकातली चमकी परड्यात पडली तेव्हा मात्र म्हणाले, "जाऊ दे गं, दुसरी करू." ते मी अजून विसरले न्हाय.

आता टाकाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं न्हाय.

मी ह्यांची दुसरी बायको. पहिली जया. पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळासकट. त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न झालं. आमच्यात रीत अशी की पहिली बायको गेलेली असेल तर तिच्या नावानं सोन्याच्या पातळ पत्र्यावर बाईचं चित्र ठोकून घ्यायचं आणि ते दुसरीनं गळ्यात घालायचं. त्याला टाक म्हणतात. अंगठ्याच्या नखाएवढा, फुंकर मारली तर उडेल एवढा पातळ. हळदीच्या अंगानं मी मांडवात बसलेली, तेव्हा माझ्या नणंदेनं, यशोदाआक्कांनी, काळ्या दोऱ्यात ओवून तो माझ्या गळ्यात बांधला आणि म्हणाल्या, "ही थोरली. हिचा मान आधी."

मान आधी म्हणजे काय, ते मी तेहतीस वर्षं शिकले. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग मी नेसायची. सणाला निवद आधी तिला. अमावास्येला दुधानं धुवायचं. आमचा ओमकार झाला तेव्हा त्याचं पहिलं नावबी आक्कांनी तिच्या कानात सांगायला लावलं, म्हणजे टाकाशी तोंड नेऊन. मी सगळं केलं. कुरकुर केली न्हाय असं न्हाय, मनातल्या मनात लई केली. एक बाई मरून सुटली आणि मी तिला गळ्यात घेऊन भाकऱ्या थापत बसले. पण वाटायचं, ह्यांच्या मनात ती असणार. हे बोलत न्हाईत म्हणजे नक्कीच असणार. मग ह्यांच्यासाठी म्हणून सांभाळायचं.

नाताळच्या सुट्टीत ओमकारनं नव्या गाडीतनं आम्हाला शिरोड्याला, वेळागरच्या समुद्रावर नेलं. सूनबाई स्वराली तेव्हा पाच महिन्यांची गरोदर. मी गुडघाभर पाण्यात उभी, एक लाट अशी काही आली की मी बदकन बसले. उठले, साडी सावरली, गळ्याला हात लावला. मंगळसूत्र होतं. काळा दोरा न्हवता.

"टाक गेला," मी म्हटलं.

हे पाण्याकडं बघत राहिले.

उचगावला आक्कांना सांगायला मीच गेले. आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासनं माहेरीच. आईबाप गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं. त्यांच्या शब्दापुढं आमच्या घरात भांडंसुद्धा वाजत न्हाय. ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाल्या, "बाळंतपणात गेलेली बाई ती. तिला समुद्रात लोटून घरात बाळंतपण करणार तुम्ही? आडवी येईल पोरीला. चैत्राच्या आत टाक घरात आला पाहिजे."

झालं. हे नेमकं स्वरालीच्या कानावर गेलं. शिकलेली पोरगी, कॉम्प्युटरवर काम करणारी, पहिले दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आई, जयाआईंना कशा कळा आलेल्या हो?" मग तिचं जेवण तुटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन वाढत न्हाय. रोज सकाळी उठून विचारायची, "मिळाला का?" आक्कांचं भूत खरं की खोटं देव जाणे, पण पोरीच्या जिवाला लागलेली धास्ती खरी होती. टाक मिळाला पाहिजे होता, बास्.

म्हणून आम्ही दोघं म्हातारी निघालो.

पहिली खेप संक्रांतीनंतर. पहाटेची बस, आंबोलीच्या घाटात माझ्या ओकाऱ्या, सावंतवाडीला बस बदलायची, तिथनं शिरोडा. ह्यांनी मशीन घरच्या परड्यातच जुळवून आणलेलं. जुळवायचं म्हणजे तबकडी जमिनीवर खाली-वर, खाली-वर करायची आणि मातीचा आवाज मरेपर्यंत बटण फिरवायचं. म्हणजे मग माती गप बसते आणि धातू तेवढा बोलतो. बेळगावच्या लाल मातीत लोखंड लई, तिच्याशी ह्यांचं मशीन असं जुळलेलं की जणू सख्खं भावंड. त्याच जुळणीवर हे वाळूत उतरले.

कोरड्या वाळूत ठीक होतं. ओल्या वाळूत पाय टाकला आणि मशीन जे केकाटायला लागलं! हेडफोन काढला तरी मला ऐकू येत होतं. प्रत्येक पावलाला, प्रत्येक लाटेला. ह्यांनी तिथंच बसून पुन्हा खाली-वर करून जुळवलं. जरा गप बसलं. लाट आली, पुन्हा सुरू. ताकदीचं बटण कमी केलं. पाण्यात-बाहेर न करता काठाच्या सरळ रेषेत चालून बघितलं, कारण ओल बदलली की आवाज बदलतो. सहा तास माणूस उन्हात वाकून चालला. मी छत्री घेऊन मागं मागं. संध्याकाळी लॉजवर बूट काढले तर पायाला मिठानं भेगा पडलेल्या. मी तेल लावत बसले आणि हे पंख्याकडं बघत पडले.

"मिळेल व्हय हो?" मी विचारलं.

"बघू," म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मशीन अगदी शांत होतं. मला एवढं बरं वाटलं! म्हटलं, शेवटी माझ्या नवऱ्यानं खाऱ्या वाळूची नाडी पकडली. ते तबकडी झुलवत चालत होते, कुठं केकाटणं न्हाय, काही न्हाय. मधनंच एखादा आवाज यायचा, खणायचे, पाच रुपयांचं नाणं निघायचं. तीन दिवस राहिलो. नाणी सात, एक पितळी कडी आणि कुणाची तरी गाडीची किल्ली. टाक न्हाय. घरी आलो तर स्वराली दारातच उभी, आमच्या हाताकडं बघत. मान हलवायचंसुद्धा त्राण उरलं न्हवतं माझ्यात.

आणि खरं सांगते, मला रागबी यायला लागला होता. माझ्या चमकीला "जाऊ दे" म्हणणारा माणूस हिच्या टाकासाठी खाऱ्या पाण्यात पाय कुजवतोय. तेहतीस वर्षं जे नुसतं वाटत होतं, ते आता डोळ्यांनी दिसत होतं. बसमध्ये हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायचे आणि मी खिडकीबाहेर बघत म्हणायचे, झोप बाबा, तिच्यासाठीच दमलायस.

तिसरी खेप माघातली. माझी कंबर आता बसत न्हवती, बसली तर उठत न्हवती. सकाळी मी झाडाखाली चहाच्या टपरीवर बसले आणि हे लांब काठाला चालत होते. शेजारी एक पस्तिशीचा माणूस येऊन बसला. त्याच्याकडंबी तसलंच मशीन. बोलण्यावरनं वाटलं आपल्याकडचा, म्हणून विचारलं.

"सदलग्याचा हाय मावशी. सौरव. हितं बोटींवर काम करतोय. सकाळी पर्यटकांचं पडलेलं हुडकायचं, तेवढंच चहापाणी सुटतंय." मग ह्यांच्याकडं हनुवटी करून म्हणाला, "ते तुमचे मालक न्हवं? काय हुडकालेत?"

मी सांगितलं. पातळ पत्रा, नखाएवढा, सोन्याचा.

"मावशी, रागावू नका खरं, काकांचं मशीन एवढं गप कसं काय?"

"चांगलं जुळवलंय म्हणून."

"न्हाय मावशी. ओल्या वाळूत मीठ असतंय. मिठाचं पाणी मशीनला पातळ धातूवाणी लागतंय, म्हणून ते वरडतंय. त्यात एक गाळायचं बटण असतंय बघा, नको तो धातू सोडून द्यायला. ते फिरवत पुढं नेलं की मीठ गप होतंय. खरं पातळ सोनंबी त्याच घरात बसलेलं असतंय. मीठ गाळलं की सोनंबी गेलं. जाड नाणं तेवढं वाजतंय."

"मग करायचं काय?"

"सोसायचं. ताकद कमी करायची, घडीघडी जुळवत ऱ्हायचं, आणि राहिलेला आवाज कानानं सोसायचा. गाळायचं बटण पार मागं. बारीक सोनं असंच मिळतंय. दुसरा रस्ता न्हाय."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. मला पहिल्यांदा ह्यांची कीव आली. म्हटलं, म्हातारा झाला माझा नवरा. डांबराखालचं झाकण हुडकणारा माणूस, आता एक बटण कळेना झालं. आठ दिवस फुकट उन्हात तापला. उठले आणि तशीच वाळूतनं चालत निघाले. मनात म्हटलं, हळूच सांगायचं, लाज वाटेल असं न्हाय सांगायचं.

"अहो, थांबा जरा. हे मशीन बारीक सोनं धरतंय का बघूया."

"धरतंय," हे म्हणाले. पण माझ्याकडं बघितलं न्हाय.

त्या न बघण्यानंच माझ्या मनात काहीतरी हललं. नमुना म्हणून वाळूत ठेवायला दुसरं सोनं न्हवतं, आणि मंगळसूत्र काढायला माझा हात धजेना. मग मी सरळ त्या ओल्या वाळूत गुडघे टेकले, मान खाली घातली आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्या वाळूवर टेकवल्या. माझ्या वाट्याबी पातळच आहेत. लांबनं बघणाऱ्याला वाटलं असेल, ही बाई समुद्राला नमस्कार करतेय.

"फिरवा आता."

"बेबी, ऊठ. लाट येईल."

"फिरवा म्हणते न्हवं!"

तबकडी माझ्या गळ्याखालनं गेली. इकडनं तिकडं. तिकडनं इकडं. मी वाकूनच हात वर केला, ह्यांच्या कानावरचा हेडफोन ओढून माझ्या कानाला लावला. शांत. एवढं सोनं समोर आणि मशीन गप. मी उठले, सौरव म्हणाला ते बटण शोधलं आणि पार मागं फिरवलं. कानात एकदम किंकाळी उठली, सगळा समुद्रच ओरडल्यागत. हेडफोन काढून मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेहरा म्हाताऱ्याचा न्हवता. चेहरा चोरी सापडलेल्या माणसाचा होता.

"तुम्हाला म्हाईत होतं," मी म्हटलं.

"व्हय."

"कधीपासनं?"

"पहिल्या खेपेपासनं." हे तिथंच वाळूत बसले. "पहिल्या दिवशी दुपारी त्या सगळ्या केकाटण्यात एक आवाज वेगळा आलता. बारीक, गोल. तीनदा फिरवलं, तीनदा आला. टाकच असेल असं न्हाय, पण असंलही. मी त्यावर पाय ठेवून उभा राहिलो. मग पुढं गेलो. त्यानंतर गाळायचं बटण पुढं सरकवलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, तिकडं पोरगी वाळून चाललीय! मी घाटात आतडी ओकतेय! आणि तुम्ही नाटक करताय? का? कशासाठी?"

आणि मग तो माणूस बोलला. तेहतीस वर्षांत एका दमात एवढं कधी बोलला न्हवता.

"जयाला सकाळी कळा सुरू झाल्या. मी शेजारच्यांचा टेंपो दारात आणून लावला. आक्का म्हणाली, थांब, देवाला कौल लावू. देवाच्या अंगावर दोन्हीकडं फुलाच्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर न्यायचं. उजवी पडेना. डावी पडली, पुन्हा लावल्या. मी हात जोडून तिथंच बसलो. आत जया ओरडत होती आणि मी कळीकडं बघत बसलोतो, बेबी. दुपारी उजवी पडली. बारा किलोमीटर बेळगाव. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायचं. ती कुणाला आडवी येणारी बाई न्हवती गं. तिलाच आम्ही आडवे आलो. आक्का आणि मी. आणि ते निस्तरायला तुझ्या गळ्यात टाक बांधला. रोज तू चहा द्यायला वाकायचीस, तो लोंबायचा, आणि मला टेंपो दिसायचा. समुद्रात गेला तेव्हा मला, देवाशपथ सांगतो, हलकं वाटलं."

"मग एका शब्दानं सांगायचं न्हाय?"

"आक्कानं आईवाणी वाढवलंय मला. तिला कसं म्हणू, तुझ्यामुळं गेली? आणि तू किती मनापासनं करायचीस. दूध काय, निवद काय. मला वाटायचं, तुला हवाय."

"मला हवाय?" मी एवढ्या जोरात ओरडले की सौरव टपरीवरनं उठून उभा राहिला. "मला? मी तुमच्यासाठी करत होते! तुमच्या मनात ती आहे म्हणून! तेहतीस वर्षं एक साडी मी आधी स्वतःच्या अंगाला लावली न्हाय, अहो!"

मला ह्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं न्हाय. शेजारी बसले आणि रडले. साडी ओली, तोंड ओलं, सगळं खारट. हे कधी नव्हे ते माझ्या पाठीवर हात फिरवत होते, लोकांसमोर.

सौरव बिचारा घाबरत घाबरत जवळ आला. "मावशी, माझ्या मशीननं बघू का एकदा? मी सोसतो आवाज. दोन-चार दिवसांत मिळेल, अजून खोल गेला नसेल."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे काही बोलले न्हाईत, पण ह्यावेळी ते न बोलणं मला कळलं.

"नको भाऊ," मी म्हटलं. "राहू दे."

मग पदरानं तोंड पुसलं आणि ह्यांचा फोन घेऊन उचगावला लावला. आक्कांशी मी कधी वर तोंड करून बोललेले न्हवते.

पलीकडनं आक्कांचा आवाज आला, "मिळाला व्हय गं?"

"न्हाय आक्का. मिळायचा न्हाय. आम्ही हुडकायचं थांबवलं."

"अगं मग पोरीचं काय—"

"आक्का, ऐका. स्वरालीला कळा सुरू झाल्या की घरात कौल लावायचा न्हाय. पहिल्या कळेला गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा. ह्यांनी मला सगळं सांगितलंय."

पलीकडं काही आवाजच न्हाय. मला वाटलं रेंज गेली, मी फोन कानावरनं काढून बघितला. चालू होता. आक्कांचा श्वास ऐकू येत होता, जड, चढ चढून आल्यागत. हे माझ्या तोंडाकडं बघत होते, लहान पोरासारखे भेदरलेले. मी फोन ठेवणार एवढ्यात आक्का बोलल्या, अगदी बारीक आवाजात.

"ओमकारला म्हणावं, गाडीत डिझेल भरून ठेव. आत्तापासनंच."